कडा बघणारे स्टिलबाबू

कुठलंही चित्र समोर आलं की स्टिलबाबू आधी त्याच्या चार कडा बघायचे. वरची, खालची, मग डावी आणि उजवी. मध्ये काय आहे ते सगळ्यांत शेवटी. कॅलेंडर असो, वर्तमानपत्र असो, मिठाईच्या खोक्यावरची देवी असो, पद्धत तीच. मी स्टुडिओत लागले त्या आठवड्यात हौसेने त्यांना माझ्या लग्नाचा फोटो दाखवला. माझ्याकडे, माझ्या नवऱ्याकडे, शालूकडे ढुंकूनही न बघता ते म्हणाले, "डावीकडे एक हात आहे. कुणाची हात आहे ही?" तो फोटो मी शंभरदा पाहिला होता, पण हात कधी दिसला नव्हता. बांगड्यांवरून तो माझ्या धाकट्या मावशीचा निघाला. फोटोग्राफरने मावशीला सरळ कापून टाकलं होतं. "बघ," ते म्हणाले, "मावशी लग्नाला आली होती, आणि नाही पण आली." त्यानंतर तो फोटो मला धड बघता आला नाही.

कोलकात्यात, खिदिरपूरला गोदीच्या रस्त्यावर, एका शिपिंग एजंटच्या कचेरीवर आमचा स्टुडिओ होता. गिरण्या, कारखाने, गोदामं यांच्यासाठी आम्ही प्रशिक्षणाच्या फिल्म करायचो. आग लागली तर काय करावं, क्रेनखाली का उभं राहू नये, वगैरे. मी एडिटर. फिल्ममध्ये जे जे हलत नाही ते सगळं, म्हणजे फोटो, नकाशे, यंत्रांच्या आकृत्या, माणसांची नावं, पडद्यासाठी तयार करून देणारे ते. म्हणून ते स्टिलबाबू. आडनाव पेंडसे, पण बंगाली तोंडात त्याचं 'पेंडशेबाबू' होऊन कित्येक वर्षं झाली होती. वडील गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत नकाशे काढायचे. यांचा जन्म तिथल्याच क्वार्टरमधला. महाराष्ट्र त्यांनी आयुष्यात तीनदा पाहिला, तिन्ही वेळा कुणी ना कुणी गेलं म्हणून. लग्न केलं नव्हतं. बजबजला दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि लोकल गाडीने ये-जा करायचे.

माझ्या नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली म्हणून मी इथे आलेली. दिवसभर हिंदी आणि मोडकीतोडकी बंगाली बोलून जीभ आंबून जायची. पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी "मुली, तू चहा खाणार?" असं विचारलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी राहिलं. बंगाल्यांसारखे ते चहाही खायचे आणि पाणीही खायचे. समजलं का, याला 'बुझलीस?' म्हणायचे. पुल्लिंग-स्त्रीलिंगाची तर त्यांनी कायमची फारकत करून टाकली होती. मी त्यांना यावरून फार छळलं. "तुझी मराठी पुण्याची, माझी गार्डन रीचची," ते म्हणायचे. "काम चालते ना? मग कशाला ओरडते?" मी त्यांना काका म्हणायला लागले, आणि ते मला शेवटपर्यंत 'मुली'च म्हणाले.

तयार झालेलं प्रत्येक चित्र ते कोपऱ्यातल्या टीव्हीवर लावून, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून बघायचे. पातळ आडव्या रेषा पडद्यावर थरथरतात, म्हणून आकृतीतली प्रत्येक रेष हाताने जाड करायचे. भडक लाल रंग दाबून टाकायचे. नाव कधीही कडेला लिहायचे नाहीत, कारण काही टीव्ही कडा गिळतात. "टीव्ही अर्धी आंधळी असते, तिला नीट धरून न्यावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका कारखानदाराने आपल्या आजोबांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो फोनवर पाठवला आणि तो पडदाभर हवा म्हणाला. काकांनी तो करड्या पार्श्वभूमीवर मधोमध, लहानच ठेवला. कारखानदार चिडला. काका शांतपणे म्हणाले, "ही फोटो एवढीच आहे. ओढली तर आजोबांचे डोळे फाटतील. दाखवू?" आणि खरोखर मोठा करून दाखवला. कारखानदाराने मुकाट्याने लहान फोटो पसंत केला.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. आपला हल्लीचा पडदा रुंद असतो आणि फोनमधला फोटो त्या मानाने उंच. असा फोटो पूर्ण ठेवला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. पट्टे नको असतील तर फोटो वाढवून पडदा भरायचा, मग त्याचा वरचा किंवा खालचा मिळून चौथा हिस्सा बाहेर जातो. सगळीकडे भरतात. आमचे मालक घोषदा तर पट्टे दिसले की अस्वस्थ व्हायचे, त्यांना ते दारिद्र्याचं लक्षण वाटायचं. काका मात्र कधीच भरायचे नाहीत. "ज्याने फोटो काढली त्याने एवढं बघितलं. तू कोण कमी बघणारी?" असं मला विचारायचे, जणू पडदा माझ्या बापाने रुंद केला होता.

प्रत्येक फोटोबरोबर ते मला पिवळी चिठ्ठी द्यायचे. मराठीत, घोषदांना वाचता येऊ नये म्हणून. चिठ्ठीत निरपवादपणे लिहिलेलं असायचं : 'पूर्ण ठेव.' पहिले सहा महिने मी त्या वाचल्या. मग कौतुकाने जमवल्या. दोन वर्षांनी मी त्या वाचेनाशी झाले. घरातलं वडीलधारं माणूस रोज दार लावून घे म्हणतं, तेव्हा आपण कुठे ऐकत असतो? हो हो म्हणतो आणि पुढे जातो. मी चिठ्ठी टेबलाच्या काठाला चिकटवायचे आणि कामाला लागायचे.

त्या वर्षी बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये निमाई नावाचा कामगार मेला. तागाचे धागे पिंजणाऱ्या यंत्रात त्याचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला आणि तीन दिवसांनी इस्पितळात त्याचा जीव गेला. निमाई काकांच्याच गल्लीत राहायचा. मिलचं म्हणणं होतं की यंत्राच्या तोंडावरची संरक्षक जाळी त्याने त्या सकाळी स्वतःच काढली. तसं ठरलं तर चूक त्याची, आणि चूक त्याची असेल तर त्याच्या जागी बायकोला, शेफालीला, मिलमध्ये काम मिळणार नव्हतं. जाळी आधीपासूनच नसल्याचं निघालं तर मिळणार होतं. मिलने चौकशी समिती नेमली, आणि समितीला दाखवायला, पुढे कामगारांना धडा म्हणून वापरायला, सहा मिनिटांची फिल्म आमच्याकडून करून मागितली. घोषदांनी काम घेतलं.

फिल्ममध्ये अपघाताच्या जागेचा एकच फोटो होता. कुणा सुपरवायझरने त्याच दुपारी फोनवर काढलेला. यंत्राचं उघडं तोंड, आणि त्याकडे बोट दाखवणारा एक माणूस. काकांनी अर्थातच आधी कडा बघितल्या. खालच्या कडेला, अंधारात, जमिनीवर जाळी पडलेली होती आणि तिच्यावर तागाच्या तंतूंचा बोटभर थर चढला होता. मिलमध्ये तंतू दिवसभर उडत असतात हे खरं, पण एका सकाळीत बोटभर थर बसत नाही. ती जाळी कित्येक आठवडे तिथेच पडून होती. फोटो काढणाऱ्याला ते कळलं नव्हतं, मिलमधून ज्यांनी तो पाठवला त्यांनाही कळलं नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी काका कुणाशी काही बोलले नाहीत. घोषदांना सांगितलं असतं तर फोटोच फिल्ममधून उडाला असता. त्यांनी फक्त खालचा अंधार थोडा उजळला, जेवढा उजळल्यावर खोटं होत नाही तेवढाच, आणि फोटो दोन्ही बाजूंना काळं ठेवून पूर्ण, मला दिला. समिती बघेल, तिला दिसेल, आपण तोंड उघडायची गरज नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. चिठ्ठी दिली आणि ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले.

फिल्म द्यायच्या दिवशी दुपारी घोषदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. "ब्रिंदा, ये साइड में काला-काला क्या है? भोरे दाओ." भरून टाक. वृंदाची ब्रिंदा मी केव्हाच झाले होते. मी फोटो एकशे तेहतीस टक्के केला. बोट दाखवणाऱ्या माणसाचं डोकं कापलं जात होतं, म्हणून चित्र थोडं खाली सरकवलं. डोकं आलं. खालचं सगळं गेलं. याला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. घोषदा "बाह्" म्हणाले आणि मी पुढच्या दृश्याकडे वळले.

समितीने फिल्म बघितली. चौथ्या दिवशी काका डोळ्यांना काळा चष्मा लावून आले आणि माझ्या शेजारी बसले. गल्लीत त्यांना कळलं होतं की फिल्ममध्ये जाळीबिळी काही नव्हती.

"तू भरली?" त्यांनी विचारलं.

"घोषदा म्हणाले भर. का, काय झालं?"

त्यांनी मूळ फोटो उघडायला लावला आणि खालच्या कडेवर बोट ठेवलं. मला दिसलं. मग टेबलाच्या काठावरच्या चिठ्ठ्यांमधली त्या दिवशीची चिठ्ठी मीच शोधली. त्यावर नेहमीचे दोन शब्द नव्हते. लिहिलं होतं : 'ही फोटो कापू नको. खाली जाळी आहे. निमाईची बायकोची काम आहे.' काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी तोंडाने सांगायला पाहिजे होती. चिठ्ठीवर विश्वास ठेवली."

त्यांनी मूळ फोटोची मोठी प्रिंट काढली आणि समितीकडे नेणार म्हणाले, तूही चल म्हणाले. घोषदा भडकले. गिऱ्हाइकाचा फोटो बाहेर न्यायचा नाही, नेलात तर परत येऊ नका. मिलने तोवर सांगून टाकलं होतं की सुपरवायझरचा तो फोन हरवला. मलाही घोषदांनी बाजूला घेतलं आणि या शहरात पुन्हा कुठे एडिटिंग करायचं असेल तर यातून लांब राहा, असं गोड आवाजात सांगितलं. घरी नवरा म्हणाला, चार महिन्यांत बदली आहे, कशाला मध्ये पडतेस? मला कुणीतरी असंच काहीतरी सांगावं म्हणून मी वाट बघत होते, हे आज कबूल करते.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी मी काकांना स्टुडिओखालच्या चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "काका, मला यायला जमणार नाही. आणि माझं नाव नका घेऊ."

"नाही घेणार," ते म्हणाले. "चहा खा. थंडी होते."

मी चहा प्यायले. तो चहा मी कसा प्यायले, हे मला अजून कळत नाही.

त्यानंतर काका स्टुडिओत आले नाहीत. घोषदांनी एवढंच सांगितलं की समितीने प्रिंट मानली नाही, प्रकरण संपलं. कसं संपलं, का मानली नाही, हे मी विचारलं नाही. बजबजची गाडी दर अर्ध्या तासाला सुटायची. मी एकदाही गेले नाही. त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे चिठ्ठ्या नव्हत्या, हट्ट नव्हते. काम भराभर होऊ लागलं आणि फिल्म वाईट दिसू लागल्या.

आमची बदली नागपूरला झाली. सामान बांधायच्या दिवशी सकाळी दार वाजलं, बघते तर काका. हातात ब्रश आणि काळ्या रंगाची डबी. तरुणपणी ते पाट्या रंगवायचे. "खोक्यांवर तू पेनाने लिहिली असेल," म्हणाले, "हमालांना ती दिसत नाही." मग बैठक मारून त्यांनी एकूण एक खोक्यावर जाड, देखण्या अक्षरांत लिहिलं : स्वयंपाकघर, पुस्तकं, देव, काच. मी एकामागून एक विचारत होते, आंघोळीचं पाणी तापवू का, जेवून जाल ना, डोळा कसा आहे. जे विचारायचं होतं ते सोडून सगळं विचारलं. त्यांच्या शर्टाची कॉलर विरली होती. काम नव्हतं हे दिसत होतं. जाताना म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." मी केला. नंतर दिवाळीला एकदा केला. मग राहूनच गेलं.

पाच वर्षांनी दोन दिवसांच्या कामासाठी मी कोलकात्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती, ती काकांसाठी ठेवली होती. फोन लागत नव्हता. बजबजला उतरून त्यांची गल्ली शोधली. त्यांच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड होतं. ते वारून आठ महिने झाले होते, असं तिथल्या बाईने सांगितलं, आणि जास्त काही माहीत नाही म्हणून दार लोटून घेतलं. चहाच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने नाव ऐकून भांडी विसळायला सुरुवात केली. शेवटी त्यानेच समोर नळावर बसलेल्या बाईकडे हात केला. ती शेफाली होती. लोकांची धुणी धूत होती.

मी पेंडशेबाबूंबरोबर काम करायचे, एवढंच मी सांगितलं. ती हात न थांबवता, निम्म्या बंगालीत, निम्म्या हिंदीत बोलत राहिली. समितीपुढे ती स्वतः हजर होती. पेंडशेबाबूंनी मोठा फोटो टेबलावर ठेवला. समितीच्या साहेबांनी विचारलं, तुमचं काम काय? ते म्हणाले, फोटो तयार करणं. साहेब म्हणाले, म्हणजे नसलेली जाळी तुम्ही घालू शकता? ते म्हणाले, घालू शकतो, घातलेली नाही. मग साहेबांनी विचारलं, फिल्ममध्ये तर खालचा भाग नाही, तो कुणी कापला?

"उनि निजेई बोललेन, आमि," शेफाली म्हणाली. ते स्वतःच म्हणाले, मी. साहेब हसले. एकदा कापता, एकदा दाखवता, कुठलं खरं मानू? प्रिंट परत दिली. दहा मिनिटांत सगळे उठले.

माझं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर दुसरं कुठलं नाव उरत होतं? पाच वर्षांत हा साधा विचार माझ्या मनात आला नव्हता. की मी येऊ दिला नव्हता.

शेफाली बोलतच होती. गल्लीला वाटलं, मिलने यांना फोटो कापायला लावला आणि मग यांना पश्चात्ताप झाला. निमाईच्या वर्षश्राद्धाला ते फळं घेऊन दारात आले, तिने दार उघडलं नाही. टपरीवर त्यांना कुणी बस म्हणेना. शेवटच्या आजारात त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि न्यायला चार खांदे जमवताना सकाळची दुपार झाली. "आमिओ जाइनि," ती म्हणाली. मीसुद्धा गेले नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. जुनी, ठरून गेलेली गोष्ट ती सांगत होती.

मला तिथून उठता आलं असतं. गाडीची वेळही झाली होती. तिने मला ओळखलं नव्हतं आणि पुन्हा भेटण्याचं कारण नव्हतं. पण मी म्हटलं, "कापला तो मी. त्यांनी पूर्ण दिला होता. तुझं काम जाईल असं लिहूनसुद्धा दिलं होतं. मी वाचलं नाही." हिंदीत म्हटलं, मग तिला कळलं नसेल म्हणून वाईट बंगालीत पुन्हा म्हटलं.

तिचे हात थांबले. नळ वाहत राहिला. तिने मान वर केली आणि विचारलं, "तखोन बोलेननि कॅनो?" तेव्हा का नाही बोललात?

काकांनी हे मला कधीच विचारलं नव्हतं. त्या टपरीवर नाही, खोक्यांवर नावं लिहिताना नाही, दिवाळीच्या फोनवरही नाही. शेफालीने विचारलं होतं, आणि ती, हातात पिळलेलं कापड तसंच धरून, उत्तरासाठी थांबली होती.